साहेबाला पुरावा हवा

प्रिय आई,

अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. सहा वर्षं तू माझं नाव घेतलं नाहीस, मीही तुला त्रास दिला नाही. एवढं वाच आणि मग खुशाल चुलीत घाल.

मी इंग्लंडात, लीड्सला आहे. इथल्या सरकारकडे आश्रय मागितला होता, तो अर्ज फेटाळला. का, ते ऐक. अर्ज तपासणारा साहेब म्हणतो, ही बाई बायकांवर प्रेम करते यावर आमचा विश्वास बसत नाही! ज्यापायी गावानं मला हाकललं, माझ्या किसाक्येचे पुढचे दात पाडले, ते इथे कुणाला खरंच वाटेना. पुढच्या महिन्यात बावीस तारखेला न्यायाधीशापुढे शेवटची सुनावणी आहे. तीही हरले तर विमानात घालून मला युगांडाला परत धाडतील, आणि विमानतळावर पोलीस माझी वाट बघत असतील हे तुला ठाऊक आहे.

साहेबानं मला चार तास पिळलं. "तुला हे नक्की कोणत्या महिन्यात कळलं?" म्हणे. गोवर निघाला होता का मला? मग म्हणाला, "चर्चमध्ये जातेस आणि हेही करतेस, हे जुळतं कसं?" मी म्हटलं, देवाला विचारा, दोन्ही त्यानंच दिलंय. दुभाष्या आपल्याच मुलखातला. तोंड वाकडं करून त्यानं सांगितलं, "तिला माहीत नाही." एवढं इंग्रजी मला कळतं. मी टेबलावर हात आपटला, तर तेही लिहून घेतलं.

हो, चर्चमध्ये जाते. इथलं चर्च आमच्यासारख्यांना दर गुरुवारी बोलावतं. कॅमेरूनचे, पाकिस्तानचे, आपल्याकडचे, चौदा जण आहोत. अर्ज भरून देतात, कचेरीत सोबत येतात. डोरीन नावाची म्हातारी आहे, जन्मभर टपाल वाटलेली. हिरव्या केळ्यांचं मटोके शिजवायला शिकली माझ्याकडून आणि दर वेळी त्याचा लगदा करते. तिनं माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं, अगदी मनापासून. "अतिशय सुशील मुलगी. कधी कुणाबरोबर फिरताना दिसली नाही." साहेबानं तेच वाक्य उचलून निकालात घातलं. बघा, म्हणे, हिचे कुणाशीच संबंध नाहीत. मी डोरीनवर ओरडले, "शिफारस मागितली होती, माझ्यासाठी स्थळ बघायला नव्हतं सांगितलं!" बिचारी रडली. पुढच्या गुरुवारी डबा घेऊन हजर. "ओरड गं बाई, पण खाऊन ओरड." असं मला माझ्या माणसांपैकी कुणी म्हणालं नाही.

तू काय केलंस? रविवारी, भरल्या चर्चमध्ये, नवा गोमेसी झगा घालून पुढे गेलीस आणि म्हणालीस, "मला तीनच लेकरं. चौथी बाईच्या नादानं बाटली, ती मला मेली. ती दारात दिसली तर मीच लोकांना हाक मारीन." पाद्री "आमेन" म्हणाला, पाठोपाठ सगळे. मी दाराशीच उभी होते, आई. तू मला बघितलंस आणि तरी वाक्य पुरं केलंस. अजून भाजी चिरताना ते आठवलं की सुरी खाली ठेवावी लागते. हे सगळं मी साहेबाला सांगितलं. त्यानं लिहिलं, "पुरावा नाही."

म्हणून हे पत्र. माझी वकीलबाई म्हणते, घरच्यांच्या हातचा कागद न्यायाधीशाला नाकारणं जड जातं. तर त्या रविवारी जे बोललीस ते जसंच्या तसं लिही, तारीख घाल, सही कर, पाद्र्याचा शिक्का घे आणि पाठव. मी खोटं लिहायला सांगत नाही. तुझ्या शापावाचून माझा जीव वाचत नाही, याचा मला इतका संताप येतो की पेन कागदातून आरपार जातंय. पण एक सांभाळ. मी तुला ओळखते. लिहिता लिहिता तुझा हात अडखळेल, शेवटी "थंडीचं जप" असं काहीतरी लिहायला जाशील. लिहू नकोस. तेवढ्या एका ओळीवर साहेब म्हणेल, हिला घरी माया आहे, जाऊ दे परत. माया उरली असेल तर आई, एकही शब्द मायेचा लिहू नकोस.

तुझीच,
नालवोगा