चौदा नंबरच्या काकू

प्रिय अनुया,

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी म्हणशील, आईने फोन का नाही केला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. तर एक वाक्य आधी पुरं करते. शनिवारी मी कामोठ्याला हळदीकुंकवाला गेलेच नव्हते. तुझ्या रूपेशच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर अलिबागच्या पुढचा एक डोंगर चढून, पलीकडच्या किनाऱ्यावर तंबूत मुक्काम करून आले. बावन्नाव्या वर्षी, उसने बूट घालून आणि उसनं नाव लावून. दोन्ही शेजारच्या अरुंधतीचं. बूट बोटांना चावत होते आणि कोणी 'अरुंधतीकाकू' म्हटलं की मीच मागे वळून बघत होते, ही कुठून आली म्हणून.

पुढच्या रविवारी त्याचे आईवडील आपल्याकडे खांदा कॉलनीत येणार आणि मी हो किंवा नाही सांगायचं, असं तू ठरवून टाकलंस. त्याआधी एकदा त्याला भेट तर, म्हणालीस. अगं, भेटायला येणारा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि पोहे छान झालेत म्हणतो. तो मुलगा मला नको होता. आपल्यावर कोणाची नजर नाही असं वाटत असताना तो कसा वागतो, ते बघायचं होतं. वीस वर्षं दहावीचे क्लास घेतलेत मी. पाठ वळल्यावर कोण काय करतो, हे मला फळ्याकडे तोंड करूनही कळतं.

फॉर्म मोबाइलवरच भरला. नाव अरुंधतीचं, फोन अरुंधतीचा, वय चार वर्षांनी कमी. खाली 'आपत्कालीन संपर्क' म्हणून दोन जागा होत्या. एक भरली, दुसरी नेहमीसारखी रिकामी ठेवली आणि दिला पाठवून. तू त्याला माझा फोटो दाखवला असशील म्हणून जुना चष्मा लावला, वर टोपी. बरोबर छोटी वही घेतली. डाव्या पानावर संशयाचं, उजव्या पानावर चांगलं.

डावं पान भराभर भरलं. पहाटे पनवेल स्टँडसमोर बसमध्ये चढताना तो माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. नोंद केली. निघण्याआधी त्याने प्रत्येकाला एक नंबर दिला. न सांगता कोणी बाजूला जायचं नाही, जिथे थांबू तिथे एक ते अठरा ओरडायचं, नंबर चुकला की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. मी चौदा. हे मात्र उजव्या पानावर लिहिलं, कारण पद्धत मला आवडली. पहिल्या चढावर त्याला फोन आला, तर हा लांब एका झाडाखाली जाऊन हसत बोलला. डाव्या पानावर. माथ्यावर तुझा फोन आला तेव्हा मी दम लपवत होते. हळदीकुंकू कसं झालं, वाण काय मिळालं, असं तू विचारलंस. मी म्हटलं, चहाची गाळणी. स्टीलची का प्लास्टिकची, हेही विचारलंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खाली किनाऱ्यावर गावातल्या मालूबाई आमचा स्वयंपाक करत होत्या. दुपारच्या जेवणात सगळ्यांच्या ताटात लालभडक कालवण, माझ्या ताटात फिकं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यानं सांगितलंय, चौदा नंबरला तिखट नको. तुमाला चालत नाय ना, बाय?" मला चालत नाही हे खरं. पण ते याला कोणी सांगितलं? एवढी गोड काळजी मला सोसत नाही, तुला माहीत आहे. तुझे बाबा कधी आवाज चढवून बोलले नाहीत. एकोणीस वर्षं माझ्या पित्ताच्या गोळ्या न विसरता आणत होते. ट्रक लोड व्हायचाय सांगून आठवड्यातले दोन दिवस कळंबोलीच्या दुसऱ्या घरी राहत होते, तिथेही गोळ्या आणत असतील. मी एकदाही विचारलं नव्हतं, कसला ट्रक. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण गोड बोलणारा माणूस दिसला की मी अजून एक पाऊल मागे सरते.

संध्याकाळी, उजेड असतानाच, तो कोणाला न सांगता एकटा किनाऱ्याच्या टोकाच्या खडकांकडे निघाला. हातात मोबाइल. मी मनात म्हटलं, सापडला. सगळे तंबू बांधत होते, मी सटकले आणि त्याच्या मागे गेले. मध्ये एक ओहोळ होता, जाताना घोट्याएवढा. खडकाआड उभी राहून कान दिला, तर हा बोलतच नव्हता, मान खाली घालून बराच वेळ नुसता टाइप करत होता. मागे वळले तर भरतीने ओहोळ गुडघ्याच्या वर आलेला. पाय घसरला आणि मी बसलेच पाण्यात. तिकडे किनाऱ्यावर नंबर ओरडणं चालू झालं होतं. तेरा आलं, पुढे चौदा आलंच नाही.

त्यानेच धावत येऊन दंडाला धरून मला बाहेर काढलं. आणि मग सतरा माणसांसमोर जे झापलं ते काय सांगू. "चौदा नंबर, नियम सांगितला होता ना? वयाला सूट नाही इथे. उद्या माझ्या मागे दोन पावलांवर चालायचं, नाही जमलं तर सरळ रिक्षात बसवून देईन." तीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. ओल्या साडीत, हो, साडीच नेसले होते, मी लहान मुलीसारखी उभी होते. तंबूत जाऊन वहीत लिहिलं, तोंडाचा फटकळ, मोठ्यांचा मान नाही. खाली उत्तरही लिहून टाकलं. नाही.

रविवारी पनवेलला उतरलो तेव्हा तो म्हणाला, सगळ्यांच्या घरी आपण पोचल्याचा मेसेज पाठवलाय, नेहमीसारखा. निघालो, माथ्यावर आलो, मुक्कामी पोचलो, परत आलो, असे चार मेसेज प्रत्येकाच्या आपत्कालीन नंबरवर जातात म्हणे. खडकावर जाण्याचं कारण एवढंच, तिथेच रेंज होती. मी विचारलं, माझे कोणाला पाठवलेस? त्याने माझ्याकडे बघतच दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले. यादीचा कागद बॅगेत होता. तो कशाला काढेल, अनुया? तो तुझा नंबर होता. बँक, गॅस, दवाखाना, सगळीकडे तुझाच लिहिते, बोटांनी इथेही तोच लिहिला.

म्हणजे त्याला फॉर्म आल्यापासून माहीत होतं, आणि तुला शनिवारी पहाटेपासून. तरी तू गाळणीची चौकशी करत होतीस. घरी येऊन आधी खूप चिडले, मग हसले, मग वही काढली. पेपर फुटलेला असताना मिळालेल्या मार्कांना काय अर्थ? फिकं कालवण खोडलं, चांगलं होतं ते सगळं पान खोडलं. मग डाव्या पानावरच्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. मी कोण आहे हे पक्कं ठाऊक असताना, आठ दिवसांवर होकार आलेला असताना, या मुलाने मला सगळ्यांसमोर झापलं. गोड बोलायची याहून मोठी संधी त्याला मिळणार नव्हती. खाली लिहिलेलं 'नाही' मी खोडलं.

हे फोनवर सांगितलं असतं तर मी रडले असते, म्हणून लिहिलं. माझा संशय गेलाय असं समजू नकोस. झाडाखालचा तो फोन तुझाच होता का, हे मी त्याला रविवारी विचारणार आहे, तुझ्यासमोर. त्यांना घेऊन ये, पोहे करते. आणि त्याचा नंबर मला एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दे, मला पाठ करायचाय. अकरा वर्षं प्रत्येक फॉर्मवरची दुसरी जागा मी रिकामी सोडत आले आहे.

तुझीच, आता खऱ्या नावाने,
आई