बाबांचं वजन आणि एटीव्हीचा बेल्ट

५ तारीख, शनिवार
तू गप्प बस. कागद आहेस, कागदासारखा पडून राहा. जळका वास माझ्यामुळे आलेला नाही. एटीव्ही, आपली डोंगर चढणारी चारचाकी बाइक, ठणठणीत आहे. टेकडीवरच्या घरातून बाबांना गुडघ्यासाठी खाली दवाखान्यात नेलं, परत आणलं. चढाला हाय गिअरच ठेवला. चढासाठीचा लो गिअर घाबरटांसाठी. खाली ताई भेटली. म्हणे, दवाखान्याचा एक जरी शनिवार चुकला तर बाबांना मी माझ्याकडे नेणार. बाबा काठी टेकत गाडीवर जाऊन बसले. म्हणजे माझ्याच बाजूने.

७ तारीख
कव्हर उघडून बघितलं. इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारा रबरी बेल्ट, त्याच्या कडा आरशासारख्या चकचकीत. नव्यापेक्षा भारी! लोक उगाच बेल्ट बदलतात.

९ तारीख
सकाळी चालू केली की बेल्ट चिरचिर करतो. दार करकरलं की काय करतो आपण? तेल. बेल्टलाही सढळ हाताने पाजलं. आवाज बंद. मेकॅनिक गेला उडत.

१२ तारीख, शनिवार
गेलो, आलो. पण येताना चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी मुंगीच्या पावलांनी. क्लच पकडतच नाही. कारण सापडलं: मागे बसलेले बाबा. सांगून टाकलं, रात्रीचं जेवण बंद. त्यांनी विचारलं, गाडीला काय झालंय रे? म्हटलं, तुम्ही. चांगला जमला जोक. ते हसले नाहीत.

१६ तारीख
बाबांनी वाटी परत पुढे केली. मी काढून घेतली. उपाशी नाही ठेवत आहे, ट्यूनिंग करतोय.

१९ तारीख, शनिवार
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांचं वजन एवढं का उतरलं? अभिमानाने सांगितलं, क्लचसाठी. त्यांनी सरळ ताईला फोन लावला. ताईच्या तोंडाचा पट्टा सुटला. जगात तेवढा एकच पट्टा झिजत नाही.
येताना खड्या चढावर बाबांना उतरवून चालायला लावलं. गुडघ्याला व्यायाम फुकटात.

२६ तारीख, शनिवार
दवाखान्याकडे जाताना मधे छोटासा चढ लागतो. त्या चढावर फाट्! धूर. कव्हरमधून बेल्टचे दोरे लोंबायला लागले. गाडी मागे घसरली. ब्रेक माझा, म्हणून वाचलो. बाबांना म्हटलं, ढकला जरा. त्यांनी काठी टेकली आणि चालायला लागले, खाली, ताईच्या घराच्या दिशेने. मागे वळून पाहिलं नाही. मी गेलो नाही. गाडीपाशी कोणीतरी नको का?

२८ तारीख
बेल्टला तेल लावलं होतं म्हटल्यावर मेकॅनिकने गॅरेजमधल्या सगळ्यांना बोलावलं. म्हणे, साहेब, धरून ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि तुम्ही त्याला घसरायला शिकवलंत. मग हसले सगळे. मीही हसलो. नवा बेल्ट टाकला.

३० तारीख, संध्याकाळ
ताईकडे गेलो. बाबा जेवत होते. गाल जरा भरलेत. ताई पुन्हा वाढत होती आणि ते नको म्हणत नव्हते. ताई मला म्हणाली, आलास तर बस. बसलो नाही. बाबांना सांगितलं, नवा बेल्ट टाकलाय, उद्या न्यायला येतो, येणार ना? त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी हात वर केला, म्हणजे थांब, गिळतो आणि सांगतो.
त्यांनी गिळायच्या आत मी चपला घालून फाटकाबाहेर.