पहिलं औषध आणि दुसरं, अर्धा डोस

प्रिय नचिकेत,

आई गेल्याचं तुला ऑफिसातल्या प्रणिताकडून कळलंच असेल. तू फोन केला नाहीस याचा मला राग नाही. ती आजारी असताना मी साताऱ्याला गेले आणि परत दिल्लीला ऑफिसात आले तेव्हा तुझं टेबल रिकामं होतं. तू पुण्याला शिकवायला गेलास एवढंच यतीनने बॉसच्या थाटात सांगितलं. आपल्या दोघांमध्ये जे होतं ते असं न बोलता संपलं. मग मीही बोलले नाही. पुण्यात मुलांना तू आवडतोस असं ऐकते, आणि त्यात मला नवल वाटत नाही. समजावून सांगणं तुला कायमच छान जमायचं.

परवा मुनिरकाला गेले होते. तुझ्या त्या खोलीत आता दोन मणिपुरी मुली राहतात. खिडकी उघडली की अजूनही समोरच्या घराची भिंत हाताला लागते. व्याकरणाचे नियम दिले की त्यावरून वाक्यं वाचणारं यंत्र तयार करून देणारा आपला प्रोग्राम तू तिथेच लिहिलास. मी शेजारी मोडक्या खुर्चीत बसून चुका शोधायची. तू म्हणाला होतास, "रुचिता, नियम आपल्याला वाक्यासारखा दिसतो. आत त्याचं काही उरत नाही, नुसते आकडे." प्रत्येक शब्दाला एक आकडा. प्रत्येक नियमाच्या डावीकडे एक आकडा, उजवीकडे आकड्यांची ओळ. सगळे नियम एकामागोमाग एकाच लांब रांगेत मांडलेले, आणि एक नियम संपला की त्याचाच क्रमांक उणे करून ठेवलेला, म्हणजे पुढचा कुठे सुरू होतो ते कळावं. मला ते इतकं आवडलं होतं की मी वहीच्या मागच्या पानावर ती रांग हाताने काढत बसायची.

शिवाय प्रत्येक नियमाला आणखी एक छोटा रकाना होता, अग्रक्रमाचा. एकाच वाक्याचे दोन अर्थ लागत असतील तर कोणता घ्यायचा, ते त्यावरून ठरायचं. तू सांगितलंस की नियमाला स्वतःचा अग्रक्रम नसतो. उजव्या बाजूला जो शेवटचा ठरीव शब्द असेल त्याचाच तो आपोआप घेतो; 'औषध' ही नुसती जागा, तिथे कुठलंही नाव येईल, ती मोजायची नाही. मी विचारलं, "आणि त्या शब्दालाच दिला नसेल तर?" तू म्हणालास, "मग रकाना रिकामा. मग यंत्र मनाने ठरवत नाही. ते थांबतं आणि आपल्याला विचारतं." ते विचारतं, म्हणूनच दवाखान्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला, नाही का? डॉक्टर औषधाची ओळ टाइप करणार, आपला प्रोग्राम ती वाचून कोणतं औषध किती द्यायचं ते नर्सच्या स्क्रीनवर दाखवणार, आणि शंका आली तर आधी डॉक्टरला विचारणार.

आता हरबंस कौर यांच्याबद्दल लिहिते. फरिदाबादच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या हिवाळ्यात त्यांना गुडगावच्या एका दवाखान्यात ठेवलं. रक्तात संसर्ग होता आणि मूत्रपिंडं आधीच कमजोर. डॉक्टरांनी दोन औषधं लिहिली आणि पुढे, अर्धा डोस. मूत्रपिंडं कमजोर म्हणून दोन्ही अर्धी द्यायची, हे त्यांच्या मनात स्पष्ट होतं. स्क्रीनवर दुसरं औषध अर्धं आलं. पहिलं पूर्ण आलं, आणि रोज पूर्ण दिलं गेलं. काही दिवसांनी त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "कान में सीटी बज रही है, बेटा." मुलाला वाटलं, तापामुळे. मग त्यांना ऐकू येईनासं झालं. मुलगा पाटीवर लिहून बोलायचा आणि त्या पाटी हातात घेऊन त्याचं शुद्धलेखन सुधारायच्या, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. ते पहिलं औषध जास्त झालं की कान आणि मूत्रपिंडं दोन्ही जातात. त्यानंतर मूत्रपिंडं पूर्ण थांबली. त्या गेल्या.

दवाखान्याने नर्सला निलंबित केलं आणि चौकशी समिती नेमली. नंदा मेश्राम. मूळच्या भंडाऱ्याच्या. यजमान, बुद्धभूषण, दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात आहेत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात. कंपनीने मला तपासायला पाठवलं, म्हणजे यतीनच्या भाषेत 'आपली सिस्टिम क्लीन आहे' असं लिहून आणायला. मी नंदाताईंच्या घरी गेले. दुपार होती. मी हिंदीत सुरुवात केली, त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि मराठीत म्हणाल्या, "बसा." त्यांची मुलगी लुंबिनी आत खोकत होती. बुद्धभूषण ऑफिसमधून मध्येच घरी आले, मुलीला खोकल्याचं औषध मोजून पाजलं आणि परत गेले. ते गेल्यावर नंदाताई म्हणाल्या, "मी नाही देऊ शकत. चमचा हातात घेते आणि परत खाली ठेवते. एवढ्या वर्षांची नर्स मी." मी त्यांना सांगितलं की स्क्रीनवर चुकीचं आलं होतं, तुमची चूक नाही. त्या म्हणाल्या, "स्क्रीनने सुई नाही टोचली, ताई. मी टोचली." तुझ्याकडे याला उत्तर असेल तर मला ऐकायचंय.

परत येऊन मी आपल्या प्रोग्रामच्या आतले नियम छापून घेतले, ते आकडे, ती रांग, सगळं. आधीच्या आवृत्त्याही काढल्या. 'औषध आणि औषध' हा नियम शोधला. जुन्या आवृत्तीत त्याचा अग्रक्रमाचा रकाना रिकामा होता, म्हणून अशी ओळ आली की प्रोग्राम थांबून विचारायचा: अर्धं कोणतं, दोन्ही की शेवटचंच? नव्या आवृत्तीत रकाना भरलेला होता. नियमाला कुणी हात लावला नव्हता. वर एका ओळीत 'आणि'ला, 'किंवा'ला, 'अर्धा'ला अग्रक्रम दिला होता, 'अर्धा'ला सगळ्यांत वरचा. नियमाने तो 'आणि'कडून आपोआप घेतला, आणि 'अर्धा' जवळच्या औषधाला चिकटून मोकळा झाला. यंत्राला शंकाच उरली नाही. त्या आठवड्यात प्रोग्रामचे सगळे प्रश्न बंद झाले, दवाखान्यांच्या तक्रारी थांबल्या, आणि यतीनने सगळ्यांना छोले भटुरे खाऊ घातले म्हणे. मी तेव्हा साताऱ्यात आईच्या उशाशी होते.

त्या बदलाखाली लिहिणाऱ्याने तीन शब्दांची टीप ठेवली आहे: 'आता गप्प बसेल.' खाली तुझं नाव आहे, नचिकेत. मी ते पुन्हा पुन्हा तपासलं. दुसऱ्या कुणी तुझ्या नावाने केलं असेल, असंही शोधून पाहिलं. तसं काही सापडलं नाही. यतीनने तुझ्यामागे लकडा लावला असणार, हे मला माहीत आहे. तू थकला होतास, निघायची घाई होती, हेही समजतं. पण त्या रकान्याबद्दल तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं रे. मला ते तूच शिकवलंस.

मी अहवाल लिहिला. यतीन म्हणाला, "यार, नर्सने डॉक्टरची मूळ ओळ का नाही पाहिली? एवढंच लिही. नाव कशाला?" मी म्हटलं, मूळ ओळ आपण तिला दाखवतच नव्हतो. त्याने अहवाल ठेवून घेतला आणि पुढे पाठवला नाही. मग मी राजीनामा दिला. काल मी चौकशी समितीसमोर जाऊन सगळं सांगितलं, छापलेले नियम समजावले, यतीनने काय दाबलं ते सांगितलं आणि तुझं नाव घेतलं. आज हे पत्र टाकते आहे. फोन केला असता तर तू बोलला असतास, आणि तुझा आवाज ऐकल्यावर मी समितीसमोर गेले नसते, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून सगळं करून झाल्यावर कागदावर लिहिते आहे. तुला पुण्याला समितीचं बोलावणं येईल, तुझी नोकरी बहुतेक जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. हे तुला परक्याकडून कळू नये, एवढंच मला करता येण्यासारखं होतं. मी माफी मागत नाही आणि तूही माझी मागू नकोस. मागायची तर दुसरी दोन घरं आहेत, एक फरिदाबादला, एक लक्ष्मीबाई नगरात. बोलावणं यायच्या आधी दिल्लीला ये. स्टेशनवर मी येईन. दोन्ही दारांपर्यंत तुझ्याबरोबर चालेन, पण बेल तू वाजव.

काहीही झालं तरी तुझीच,
रुचिता