जावयाचे धोंडे

साखरा, ता. सेनगाव
२० मे २०२६

चि. सौ. साधना,

आईचे आशीर्वाद. इकडे म्हैस व्यायली, पारडी झाली. नानांचा गुडघा बरा आहे, तोंड तर त्याहून बरं चालतंय.

धोंड्यांवर तूप नको असं बजावून तू फोन ठेवून दिलास. माझं ऐकलंच नाहीस. म्हणून हे पत्र शेजारच्या रुपाच्या हाती जवळा बाजारला पाठवते आहे. कागद मधेच तोडता येत नाही.

भागवतरावांच्या छातीत जाळी बसवली, हे मी विसरलेली नाही. पण अधिक महिना तीन वर्षांनी येतो. तुझं म्हणणं नानांना सांगितलं तर म्हणाले, "जावयाला कोरडं धोंडं? काहून, घरात सुतक हाय का?" आणि डॉक्टर लोकांचं तरी कुठे एक आहे? आधी म्हणाले, तूप सोडा, डब्यातलं तेल खा. आपण खाल्लं. आता मोबाईलवर कोणी सांगतो, तूपच औषध. कुणाकुणाचं ऐकून फोडणी द्यायची? म्हटलं, स्वतःच विचारून येते. रुपाला घेऊन हिंगोलीला गेले.

दवाखाना वरच्या मजल्यावर. जिना चढता चढता मला धाप लागली. मी विचारत होते जावयाचं, डॉक्टर बघत होते माझ्याकडे. त्यांनी मलाच झोपवून छातीची पट्टी काढली. मग मिश्री लावता का, विचारलं. मी म्हटलं, ती दाताला, तिचा काळजाशी काय संबंध?

ते म्हणाले, "मावशी, तुपाबद्दल आम्हा डॉक्टरांत थोडेफार वाद असतील. तंबाखूबद्दल एकही नाही."

भागवतरावांना सणाला चमचाभर तूप चालेल, रोज नको, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तू अर्धी जिंकलीस, मी अर्धी.

माझ्या पट्टीत मात्र फरक निघाला. अँजिओग्राफी करा, लांबवू नका, म्हणाले. खरं तर हे फोनवर सांगता आलं नसतं. फोन नानांच्या उशाशी असतो, आणि त्यांना कळलं की साऱ्या साखऱ्याला कळतं. मिश्रीचा डबा उकिरड्यावर फेकला. डोकं भणभणतंय, पण परत आणायला गेले नाही.

येत्या रविवारी दोघं या. धोंडे मीच करणार. जावईबापूंना तूप चमचाभरच वाढीन, नाना कितीही डोळे वटारोत. मात्र जेवून लगेच निघू नका. सोमवारी सकाळी मला त्या तपासणीला जायचंय. भागवतराव त्यातून गेलेले आहेत. ते शेजारी बसले तर मला धीर येईल. अधिकात जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडे मागायचं नसतं, हे मला कळतं. तरी मागते आहे.

तुझी, यावेळी जरा घाबरलेली,
आई