चाळीस दिवसांच्या भाज्या

११ जुलै
मेथी सडली! तिसऱ्यांदा. पाऊस थांबत नाही आणि माझं पेरणं थांबत नाही.
वसाहतीमागच्या मोकळ्या जागेचे नऊ तुकडे, नऊ घरांना एकेक. आठांत वांगी, भेंडी, वालाचे मांडव. माझ्यात नुसता पाला — मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. चाळीस दिवसांत उपटून हातात येईल तेच.
शेजारच्या तुकड्यातल्या मालनबाई म्हणाल्या, "काऊन वं मॅडम, बकऱ्या पाळल्या का?"
"माझी बदली होऊन राह्यली, मावशी. वांगी लावून जाऊ कशी?"
"दोन सालं झाले, होऊनच राह्यली."
खरं बोलल्या, म्हणून जास्त राग आला.

१२ जुलै
पुन्हा मेथी पेरली.

२ ऑगस्ट
हर्षदीपचा फोन. ते बेज्जूरच्या शाळेत, मी आदिलाबादच्या. लग्नाला तीन वर्षं झाली. एका घरात सगळे दिवस मिळून चार महिनेसुद्धा राहिलो नाही. नवरा-बायकोला एका ठिकाणी आणतात, त्या बदलीसाठी मी दोनदा अर्ज केलाय.
"यादी कधी लागेल हो?"
"लागेल ना. घाई काय?"
मग पावसाचंच बोलत राहिले. घाई काय!

२४ ऑगस्ट
कडेला टाकलेली अंबाडी जोरात आलीय. खुडली की परत फुटते. मला हे असं परत परत फुटणारं नको वाटतं — संपतच नाही.

१९ सप्टेंबर
यादी लागली. माझं नाव नाही.
पोरांना पाढे म्हणायला लावून वर्गातच मोबाईलवर पाहिली. वरून खाली, खालून वर. संध्याकाळी जाऊन कोवळा पालक उपटून टाकला, अर्धा वाफा. मालनबाईंकडे वांग्याची सात रोपं उरली होती, ती माझ्या बांधावर ठेवून गेल्या.

२० सप्टेंबर
रोपं माना टाकत होती. लावली. मरताना बघवेना म्हणून. दुसरं काही नाही.

१४ ऑक्टोबर
पाणी घालते तरी वांग्याचे शेंडे वाळतात. मालनबाईंनी एक शेंडा नखानं चिरून दाखवला. आत अळी!
"पानी घालून काय होते? ते आतून खाऊन राह्यली. मोड अन् फेक."
रोज शाळेआधी शेंडे मोडते. वर्गात खडू मोडते. हात गप्प बसत नाहीत.

१८ नोव्हेंबर
अर्जाचं विचारायला जिल्हा ऑफिसात गेले. तिथला क्लार्क नागेश लहानपणी शाळेत माझ्याच वर्गात होता. फाईल चाळत राहिला, मान वर करीना.
"नीलिमा, सरांचं संमतीपत्र लागते याला."
"दिलंय त्यांनी."
"नाही दिलं. पहिल्या बारीला उत्तरच नाही आलं. यंदा लेखी आलं. सध्या बदली नको म्हणून."
कागद दाखवला. त्यांचंच अक्षर. किती सुबक!
घरी गेलेच नाही, सरळ तुकड्यावर. शेंडे मोडले. चांगलेही मोडले.

१९ नोव्हेंबर
हर्षदीपचा फोन वाजला. उचलला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
हर्षदीपना मीच बोलावलं. आले. घरात विचारवेना, म्हणून तुकड्यावर घेऊन गेले आणि कागदाचं काढलं. बराच वेळ चपलेनं ढेकूळ फोडत होते.
"दुसरं कोणी नाही, नीलिमा. शप्पथ. एकट्यानं राह्यची सवय झाली. तू येणार म्हटलं की धडधडते. वाटलं, तूच कंटाळून अर्ज करणं सोडून देशील."
"मग नाही म्हणायचं होतं! दोन वर्षं मी इथं एक धड झाड लावलं नाही!"
काय बोलले मी हे! झाडाचं काय होतं त्यात? पण तेच तोंडात आलं. रडू नाही आलं.
"देतो पत्र. उद्याच देतो," म्हणाले. पाचच्या बसनं गेले. मालनबाई तिकडे पाठमोऱ्या बसून एकाच जागचं गवत उपटत होत्या. सगळं ऐकलं असणार.

१२ डिसेंबर
पहिली तीन वांगी! भरून केली. तिखट झाली. एकटीनं सगळी संपवली.

२ जानेवारी
खरंच दिलं त्यांनी पत्र. नागेशचा फोन — "आता काम झालंच समज."
आनंद व्हायला पाहिजे. सकाळपासून घरात फेऱ्या मारतेय. भात दोनदा लावला! मालनबाईंना सांगितलं.
"मंग? जाशीन?"
"हो," म्हणाले. आणि त्याच दमात त्यांच्याकडे वालाचं बी मागितलं. कशाला मागितलं?

११ फेब्रुवारी
ऑर्डर आली. बेज्जूर. सात दिवसांत हजर व्हायचं.
हर्षदीपचा मेसेज: 'मागची खोली तुझ्यासाठी साफ करून ठेवतो.'
चार वेळा वाचला. दोनच खोल्या आहेत त्या घराला.

१२ फेब्रुवारी
ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. नागेशकडून कोरा कागद घेतला, बदली नको असं लिहिलं, सही केली. बाहेर येऊन हर्षदीपना फोन लावला, सांगितलं. त्यांचा सुटकेचा श्वास स्पष्ट ऐकू आला. माझाही त्यांना ऐकू गेला असेल.