डागवहीचे नियम मला लागू नाहीत

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. शाळा पाचवीपर्यंतच झाली, पण अक्षर आमच्या साहेबांपेक्षा बरं आहे.
कारण असं की लाँड्रीतल्या डागवाल्या बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार. त्यांची जागा म्हणजे वेगळी खोली, खिडकी आणि खुर्ची. हातांची खुर्ची! मी एकोणीस वर्षं इस्त्रीच्या रोलरपाशी उभी आहे. गुडघे आता जिना लांबून बघूनच कुरकुरतात. ती खुर्ची माझीच.
पण साहेब म्हणाले, नुसती वर्षं मोजून देणार नाही. कंपनीने सगळ्या शाखांसाठी फोनवर एक डागवही काढली आहे. कुठला डाग कसा काढायचा ते सगळ्यांनी त्यात लिहायचं, एकमेकींचं सुधारायचं. जी चांगलं लिहील तिचा विचार होईल.
विचार कसला करताय? मी लिहिते, तुम्ही खुर्ची पुसून ठेवा.

४ मार्च
वहीत शिरायच्या आधी नियम वाचावे लागतात. अकरा आहेत. मी तीन वाचले, बाकीचेही त्याच लायकीचे असणार. सभ्यपणे बोला. दुसरीचं लिखाण न विचारता पुसू नका. स्वतः करून पाहिलेलंच लिहा. बालवाडी उघडली आहे का? ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं. दुसऱ्या शाखांतल्या बायकांना वळण नाही, त्यांच्यासाठी ठीक आहे.
दुपारी : सतरा डागांवर उपाय लिहून मोकळी. चहा : ब्लीच. शाई : ब्लीच. गंज : ब्लीच. तेल : जास्त ब्लीच. लोक उगाच पाल्हाळ लावतात.

६ मार्च, गुरुवार
माझ्या गंजाखाली कुणीतरी लिहिलं आहे, ताई, गंजावर ब्लीच घातलं तर डाग आणखी पक्का होतो, लिंबू-मीठ लावून बघा. पुढे हात जोडल्याचं चित्र. ही पुलापलीकडच्या शाखेतली चष्मेवाली. फोटोत चष्माच दिसतो, मागे बाई असावी. नोकरीला म्हणे सहा वर्षं. सहा वर्षांत मला रोलर कुठून बंद करायचा तेवढं कळलं होतं!
मी सभ्यपणे लिहिलं, लिंबू-मीठ सरबतात घाल, मोठ्यांना शिकवू नकोस. आणि तिचं पुसलं. विचारलं नाही, कारण ती हो म्हणेल याचा भरवसा नव्हता.
संध्याकाळी तिने परत लिहिलं. मी परत पुसलं. मग घरी एका हाताने भाजी हलवत, एका हाताने पुसतच होते. आमचे हे म्हणाले, करपल्याचा वास येतोय. मी म्हटलं, सभ्यपणे बोला, नियम आहे.

७ मार्च
साहेबांनी बोलावलं. एकच खाडाखोड दिवसात बावीस वेळा केल्याबद्दल समज. म्हटलं, साहेब, तिनेही तेवढ्याच वेळा लिहिलं ना! ते म्हणाले, तिने दोनदाच लिहिलं, त्यानंतर तुम्ही तुमचंच लिहून तुमचंच पुसत होता.
फोन तापला की असं होतं. ठराव : यापुढे फोन गार असतानाच चालवायचा.

१० मार्च, सोमवार
आज संयम पाळला. चौघींनाच मठ्ठ म्हटलं. आणखी दोघी होत्या, सोडून दिलं.

११ मार्च
रोलरशेजारी भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक टॅबलेट टांगलेला असतो, सगळ्यांनी मिळून वापरायचा. घड्या घालणारी बुटकी जागेवर नव्हती आणि तिचं खातं उघडंच होतं. बावळटच आहे. मी तिच्या नावाने लिहिलं, ‘इस्त्रीवाल्या ताईंइतकं ज्ञान कुणालाच नाही. डागांची खुर्ची त्यांनाच द्या, कारण माझे गुडघे फार दुखतात.’
वाचून डोळे भरून आले. बुटकीला माझ्याबद्दल इतकं वाटतं, माहीत नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार
साहेबांनी परत बोलावलं. म्हणाले, बुटकी शनिवारीच बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली आहे, मंगळवारी तिने इथल्या टॅबलेटवर कसं लिहिलं? मी म्हटलं, मन इथेच असतं तिचं. त्यावर ते म्हणाले, आणि गुडघे?
मग त्यांनी चौथा नियम काढून दाखवला. दुसरीच्या खात्यातून लिहू नये. म्हटलं, मी तिसऱ्यापर्यंतच वाचलेत. हे बोलायला नको होतं, ते दाराबाहेर आल्यावर लक्षात आलं.

१७ मार्च, सोमवार
वहीतलं वातावरण एकदम सुधारलं आहे. चार दिवस झाले, माझ्या लिहिण्यावर एकीचंही उलट उत्तर नाही. आज चष्मेवालीला लिहिलं, चार डोळे असून आंधळी. चूं नाही! लागलं वळण. कडक माणूस हवाच असतो यांना. खोलीला कुठला पडदा लावायचा ते ठरवते आहे.

१९ मार्च
साहेब जाता जाता म्हणाले, तुमचं खातं तेरा तारखेपासूनच बंद आहे. तुम्ही लिहिता ते तुमच्याच फोनवर दिसतं.
सत्तेचाळीस सल्ले दिले होते. सत्तेचाळीस! बंद करायचं तर दार आपटून करावं, असं गुपचूप काय?

२० मार्च
एका हॉटेलचे चाळीस टेबलक्लॉथ परत आले. गंजाचे बारीक ठिपके होते, तिसऱ्या शाखेने वहीत वाचून ब्लीच ओतलं, आता रुपयाएवढे तपकिरी डाग. चष्मेवाली दोन दिवस बसली, एकतीस वाचवले.
साहेबांनी विचारलं, तुम्ही हा उपाय कधी करून बघितला होता? मी म्हटलं, एकोणीस वर्षं बघतेच आहे. काय बघताय, म्हणाले. इस्त्री, म्हटलं.
ओतणारीला अक्कल नको? माप मी लिहिलंच नव्हतं.

२४ मार्च, सोमवार
नियमांची नवी यादी आली. खाली ‘असं लिहू नये’ म्हणून सात नमुने. नावं नाहीत. सातपैकी सहा माझे. सातवा माझीच नक्कल, पण जमलेली नाही. सगळ्या शाखांच्या भिंतींवर लावणार आहेत. मोठ्याने वाचून दाखवले, तर आमचे हे म्हणाले, यात नवीन काय, मी रोजच ऐकतो.
खुर्चीचं अजून जाहीर नाही. म्हणजे माझा विचार चालू आहे.

३१ मार्च, सोमवार
चष्मेवाली आली. पुलापलीकडून बदली होऊन, खोलीत, खिडकीत, खुर्चीत. मी ठरवलं होतं की ती मिरवायला आली की सुनावायचं. तयार ठेवलं होतं, तीन वाक्यं.
जेवणाच्या सुट्टीआधी ती आमच्याकडे आली. प्रत्यक्षात बाई दिसते चष्म्यामागे. गंजाचा विषय काढला नाही, खाडाखोडीचा काढला नाही. विचारलं, ताई, इथे उभ्याने किती वर्षं? सांगितलं. मग स्वतःच एक स्टूल उचलून आणलं, रोलरच्या तोंडाशी ठेवलं, म्हणाली, चादरी आत जायच्या आधी कुठे डाग राहिलाय का ते बसून बघत जा, साहेबांना सांगितलंय.
मी म्हटलं, मला कुणाची दया नको. ती म्हणाली, बरं. आणि गेली. स्टूल तिथेच.
तासभर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल कसलं, लाकडाचा ठोकळा, पाठ टेकायला काही नाही. वहीत तक्रार टाकली असती, पण खातं बंद आहे.
मग बसले. पाच मिनिटं, म्हटलं.
बाकीच्या जणी चपला घालून निघाल्या, दिवे मालवायला वॉचमन आला, तेव्हा तो म्हणाला, बाई, उठा आता.