उभ्या कपाशीतली वाट

माय, परवा मी शहरातून पळत आपल्या गावाला आले. हे तुला नीट सांगायला हवं, कारण तुझ्या लेखी पळायचं ते एस.टी. गाठायला, नाहीतर अवकाळी आला की वेचलेला कापूस झाकायला. मी भर गल्लीतून पळाले की तू दंडाला धरून थांबवायचीस. म्हणायचीस, "हळू चाल. आपलं माणूस पळालं की लोक आधी हातात काय हाये ते बघत्यात." मला राग यायचा. आता मी पुंडलिकनगरला खोली घेऊन राहते, आपल्या घरातली पहिली पदवी माझ्याकडं आहे, आणि रोज पहाटे मी नुसती पळायचं म्हणून पळते. कुणी बघतही नाही.

इथं आमचा पळणाऱ्यांचा एक गट आहे. वर्षातून एकदा प्रत्येकानं आपल्याला झेपेल न झेपेल असा पल्ला घ्यायचा आणि एखाद्या कामासाठी तो पळायचा, अशी रीत. कुणी पाणी वाचवा म्हणून पळतं, कुणी रक्तदानासाठी. मी म्हणाले, मी माझ्या गावापर्यंत पळेन, आमच्या वस्तीला स्मशानाची वाट मिळावी म्हणून. एक काका समजुतीनं म्हणाले की विषय चांगला आहे, पण झाडं लावा वगैरे घेतलं तर सगळ्यांनाच येता येईल. बँकेतल्या एका ताईंनी तेवढं विचारलं, वाट नाही म्हणजे काय? मग मी सांगितलं. आपली वस्ती आणि स्मशान यांच्या मधे मालकीणबाईंचं शेत आहे. बांधावरून गेलं तर पेटवलेली बिडी संपायच्या आत माणूस पोचतं. त्याच बांधानं तू रोज त्यांचा कापूस वेचायला जायचीस. पण तू गेलीस तेव्हा तिरडी बांधावर येऊ दिली नाही. उभ्या पिकातून मढं नेत नाहीत, मालकीणबाईंच्या घरचे म्हणाले. तुला लांबच्या वळशानं, नाल्याच्या चिखलातून नेलं. वस्तीतली माणसं अजून तशीच जातात. ऐकून ताई एवढंच म्हणाल्या की पाणी घेऊन सायकलवर मी तुझ्याबरोबर येते.

'स्मशानाला वाट द्या' असं पाठीवर लिहून आम्ही निघालो. दौलताबादला सीताफळाच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं नातवाकडून माझी पाठ वाचून घेतली आणि म्हणाली, "बाई गं, मसणाची एवढी घाई कशाला?" ताई हसून सायकलवरून पडायच्या राहिल्या. मग त्या बाईनं आम्हाला दोन सीताफळं दिली आणि पैसे काही घेतले नाहीत. वेरूळच्या पुढं मात्र पाय उचलेनासे झाले. तेव्हा तू दिसलीस. तू चुलीपुढं बसली आहेस, भाकरी थापता थापता पायानंच एक पिशवी माझ्याकडं सरकवतेस. आत बाजारातले पांढरे कॅनव्हासचे बूट आहेत, दोन बोटं मोठे. मी तोंड वाकडं करते. तू तव्यावरची नजर न काढता म्हणतेस की पाय काय तेवढेच राहणारेत का.

वस्तीशी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. ताईंची सायकल नाल्यात उतरेना, म्हणून त्या वस्तीतच थांबल्या. मी एकटीच नाल्यातून स्मशानाकडं वळणार तोच मालकीणबाईंनी बांधावरून हाक मारली. लई थकल्यात गं त्या आता, माय.

"आगं, हिकडून ये की. पायाची सालटं निघाली आसतील. जित्या माणसाला कोण आडवतंय?"

मी जागीच उभी राहिले. माय, तो बांध समोर होता आणि माझे पाय तिकडं ओढत होते. मी म्हणाले, "आजी, माझी माय याच बांधानं यायची तुमच्याकडं."

"व्हय. तिच्यासारखा हात न्हाय कुणाचा. बोंडात काडी राहू द्यायची न्हाय."

"मग गेल्यावर तिला का नाय येऊ दिलं?"

"उभ्या कपाशीतून नेत नसत्यात, बाई."

त्यांच्या मागं लिंबाखाली त्यांच्या मालकांची समाधी आहे. त्यांना शेतातच अग्नी दिला होता, भर हंगामात, तेवढ्या जागेतली कपाशी उपटून. मी तिकडं नुसतं बघितलं. म्हातारीनंही मान वळवून बघितलं, आणि मग बराच वेळ तिनं मान परत फिरवली नाही. मी नाल्यात उतरले.

दुपारी ग्रामसभा होती. मी बोलले, विहारातल्या बायका बोलल्या. मालकीणबाईंचा मुलगा म्हणाला, कपाशी निघाल्यावर बघू, घाई काय आहे. म्हातारी कधी येऊन मागं बसली होती कुणास ठाऊक. तिथूनच म्हणाली, "कपाशी निघंस्तवर लोकांनी मरायचं थांबायचं व्हय रे?" हसावं की नाही ते कुणाला कळेना. ठराव लिहिला गेला. मोजणी व्हायची आहे, मुलगा अजून घुश्श्यात आहे, आणि वाट मिळेलच असं मी तुला आज सांगू शकत नाही. गटातले ते काका म्हणाले की मोजणीच्या दिवशी आम्ही सगळे येऊ.

सभेत मी हक्काचं बोलले, त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण तुला नेलं त्या दिवशी पोरींनी मागं यायचं नाही म्हणून मला घरीच ठेवलं होतं. तो वळसा मी कधी बघितलाच नव्हता. गटात सगळ्यांना वाटतं की मी शेवटपर्यंत पळाले, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलंय. नाल्यातून मी पळाले नाही, माय. तुझ्या मागं चालत आले.